दौंड ते मनमाड, खिडकीपाशी

आमच्या घरात कंटाळवाण्या रेल्वेप्रवासांची एक क्रमवारी आहे. ती माझ्या नवऱ्याने लावलेली. नोकरीत असताना मिळणाऱ्या प्रवास सवलतीवर आम्ही बराच देश पाहिला. लोक देवळं, किल्ले, धबधबे लक्षात ठेवतात. यांनी खिडकीतून काहीच न दिसलेले पट्टे लक्षात ठेवले. सोलापूर सोडल्यावर वाडी जंक्शनपर्यंतचा पट्टा तिसरा. जोधपूरच्या पुढे लागलेला एक भाग दुसरा, कारण वाळवंट म्हणावं तर तेही धड नाही. कोकणातल्या गाडीचं कौतुक कुणी सुरू केलं की हे शांतपणे विचारतात, बोगदे वजा केले तर काय उरतं? आणि पहिला क्रमांक वर्षानुवर्षं दौंड ते मनमाड. तिथे बघण्यासारखं काही नाही, आणि जे नाही तेही फार वेळ चालतं, असं त्यांचं मत.

मला या क्रमवारीत कधी रस नव्हता. मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलं. निवृत्त झाले तरी कामं अजून घरी येतात. छापलेलं काही समोर असलं की माझी नजर दुसरीकडे जात नाही. गाडीत मला खिडकी लागायची ती उजेडासाठी. आम्हा दोघांपैकी एकाने बाहेर बघून कंटाळायचं आणि दुसरीने बाहेर बघायचंच नाही, अशी आमची वाटणी होती आणि ती उत्तम चालली होती.

मागच्या हिवाळ्यात आमच्या सुनेला मुलगी झाली. सुनेचं माहेर अकोल्याजवळच्या एका खेड्यात. पहिलं बाळंतपण खरं तर तिकडेच व्हायचं, पण डॉक्टर, रजा आणि दोघांच्या नोकऱ्या यांचा मेळ पुण्यातच बसत होता, म्हणून माहेर इकडे आलं. म्हणजे विहीणबाई आल्या. वाघोलीला मुलाच्या फ्लॅटवर त्या दोन महिने राहिल्या. उंच, काटक बाई, डोक्यावरून पदर, बोलणं बेताचं. बाळाला न्हाऊ घालणं, शेकशेगडी, सुनेचं खाणंपिणं, सगळं त्यांनी एकटीने ओढलं. मी पेठेतल्या आमच्या घरून आठवड्यातून दोनदा जायचे, बाळाला मांडीवर घ्यायचे, आणि आमचं बोलणं ओवा, बाळंतशोपा आणि बाळाची झोप यांच्यापलीकडे जायचं नाही. त्या मला ताई म्हणायच्या, मी त्यांना विहीणबाई. एकमेकींशी अतिशय नीट वागणाऱ्या दोन अनोळखी बायका होतो आम्ही.

त्यांची परत जायची वेळ आली तेव्हा व्याही न्यायला येणार होते. पण हरभरा सोंगायला आला आणि मजूर मिळेनात. मुलाला रजा नव्हती. विमानाचं नाव काढल्यावर विहीणबाईंनी नुसती मान हलवली. एकटीने त्या कधी गाडीत बसल्या नव्हत्या. मी म्हटलं, मी सोडते. लग्न पुण्यात झालं होतं, त्यामुळे त्यांचं घर मी पाहिलंही नव्हतं.

आमच्या ह्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "दिवसाची गाडी आहे. दौंड-मनमाड उजेडात लागेल. पुस्तकं दोन घे."

मी दोन घेतली.

गाडी दुपारची होती. मुलाने एसीची तिकिटं काढलेली, खालचा बर्थ माझा, मधला विहीणबाईंचा. दिवसा दोघींनी खालीच बसायचं. मी सामान लावेपर्यंत त्या बर्थच्या कडेला, जायच्या वाटेशी, अगदी टोकावर बसल्या होत्या. परक्या घरी बसावं तशा. मी त्यांना आत सरकायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी इथंच बरी."

मी म्हटलं, "अहो, दौंडनंतर गाडी वळते आणि या बाजूला ऊन येतं. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, मला ते सोसत नाही. तुम्ही तिकडे बसलात तर माझ्यावर उपकार होतील."

उपकार म्हटल्यावर त्या सरकल्या. मी वाटेच्या बाजूला टेकले, चष्मा बदलला आणि पहिलं पुस्तक उघडलं.

हडपसर गेलं, लोणी गेलं, तेलाच्या टाक्या गेल्या. मी वाचत होते. मध्येच मला जाणवलं की शेजारी हालचाल अशी काहीच नाही. माझ्या समजुतीप्रमाणे माणूस खिडकीत बसला की थोडा वेळ बाहेर बघतो, मग डबा काढतो, मग फोन काढतो, मग पेंगतो. विहीणबाई हात मांडीवर ठेवून, काचेकडे तोंड करून ताठ बसल्या होत्या. डुलकी लागली असेल म्हणून मी वाकून पाहिलं. डोळे उघडे होते, आणि त्यांची बुबुळं सारखी इकडून तिकडे जात होती. एखादी गोष्ट पकडायची, ती मागे जाईपर्यंत तिच्याबरोबर जायचं, सोडायची, आणि झटक्यात परत येऊन पुढची पकडायची. मुद्रितं वाचताना ओळ संपली की नजर अशीच उडी मारून परत येते. ते मी लगेच ओळखलं.

मी परत पुस्तकात डोकं घातलं, पण आता लक्ष अर्धंच होतं.

उरळीच्या आसपास मी विचारलं, काय बघताय?

"काई नाई," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "समदंच."

बाहेर उसाचे पट्टे होते, विटभट्ट्या होत्या, बाभळी होत्या, लांबवर कुणाचं तरी पत्र्याचं शेड. मला राहवलं नाही. मी म्हटलं, विहीणबाई, तुमचं सगळं आयुष्य शेतात गेलं. तुम्हाला या शेतांचं काय नवल?

त्यांनी पहिल्यांदा मान वळवली. प्रश्न त्यांना रास्त वाटला असावा, कारण उत्तर द्यायला त्यांनी वेळ घेतला.

"आमचं वावर आमी पाह्यतो ते खाली वाकून," त्या म्हणाल्या. "निंदताना, सोंगताना, येचताना. डोळ्याम्होरं हातभर जमीन. असं बसून कोनाचं वावर मी कधी पाह्यलंच नाई."

आणि पुन्हा काचेकडे वळल्या.

मी पुस्तक मिटलं नाही, पण त्या पानावरून पुढेही गेले नाही.

दौंडला एक जोडपं चढलं, तिशीतलं, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. त्यांचे बर्थ समोरच्या बाजूचे, पण त्या खिडकीशी आधीपासून एक गृहस्थ कपाळावर रुमाल टाकून झोपले होते. गाडी सुटली, डावीकडे वळून उत्तरेला लागली, भीमेचा पूल गेला, आणि ऊन आमच्या बाजूला आलं. मुलीचा बाप गोड आवाजात विहीणबाईंना म्हणाला, "आजी, जरा इकडे बसता का? मुलीला बाहेर बघायचंय."

पुढे जे झालं त्याला वेळ लागला नाही. तो वाक्य संपवायच्या आत विहीणबाई उठल्या होत्या. पदर सावरला, पिशवी उचलली. चेहऱ्यावर ना नाराजी, ना काही. दारावर थाप पडली की दार उघडायला उठावं, तसं ते उठणं होतं. त्यांना विचार करावाच लागला नव्हता.

मी त्यांच्या मनगटाला धरून त्यांना खाली बसवलं आणि त्या माणसाला म्हटलं, "नाही. त्या उठणार नाहीत. मुलीला अजून पुष्कळ खिडक्या मिळतील."

माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा कोरडा निघाला असणार. त्या बिचाऱ्याला काय चुकलं ते कळेना. त्याची बायको मोबाईलमध्ये बघायला लागली. विहीणबाई इतक्या अवघडल्या की क्षणभर मला वाटलं, आपण त्यांचा अपमानच केला. मग त्यांनीच तोड काढली. मुलीला हाताने खुणावलं, आपले गुडघे जरा बाजूला घेतले आणि तिला आपल्या आणि काचेच्या मध्ये उभं केलं. पोरगी थोडा वेळ बघत राहिली, काचेला नाक लावून. दोन बकऱ्या आणि एक ट्रॅक्टर झाल्यावर तिला कंटाळा आला आणि ती आईकडे कार्टून मागायला गेली. आमच्या ह्यांच्या क्रमवारीला आणखी एक मत मिळालं.

त्यानंतर विहीणबाई आपणहून बोलल्या. सलग नाही, अधूनमधून, बाहेर बघता बघताच. लहानपणी प्रवास बैलगाडीचा किंवा एसटीचा, आणि एसटीत भाऊ खिडकीत बसायचे. लग्न झाल्यावर सासूबाईंना गाडी लागायची, त्यांना वारा लागायचा म्हणून खिडकी त्यांची. मग मुलं झाली. मुलगा खिडकीसाठी रडायचा, मुलगी रडायची नाही पण तिचंही मन असायचं, म्हणून दोघांना आळीपाळीने. मुलं मोठी झाली तोवर नवऱ्याचं पाठीचं दुखणं सुरू झालं, त्यांना टेकायला कोपरा लागायचा. शेगावला कितीदा गेल्या, नागपूरला दवाखान्यात गेल्या, लेकीच्या लग्नाला अख्खी बोगी करून पुण्याला आल्या, तेव्हाही मधेच. बाळंतपणाला आल्या त्या रात्रीच्या गाडीने, वरच्या बर्थवर.

कुणाची तक्रार नव्हती त्यात. हिशोबही मांडत नव्हत्या. मी का बघतेय असं तुम्ही विचारलंत, तर हे त्याचं कारण, इतकंच त्यांचं म्हणणं.

"डोक्याच्या मधून दिसे थोडं थोडं," त्या म्हणाल्या. "झाडाचा शेंडा दिसे, पन झाड कायचं ते समजे नाई."

माझं वय बासष्ट. मी त्या क्षणी मनातल्या मनात आठवायचा प्रयत्न केला की मला मागूनही खिडकी मिळाली नाही असं कधी झालं. आठवलं नाही. आणि त्या सगळ्या खिडक्यांत बसून मी वाचलेल्या पुस्तकांपैकी बऱ्याच पुस्तकांची नावंही आठवली नाहीत. पण त्या वेळी मला स्वतःविषयी फार काही वाटलं नाही, हे खरं सांगते. माझं लक्ष सगळं त्यांच्याकडे होतं. पन्नाशी ओलांडलेली बाई आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या खिडकीत बसते, आणि तिच्या वाट्याला देशातला सर्वांत कंटाळवाणा पट्टा येतो, आणि ती त्याकडे अशी बघते, की मी बावरून गेले. देवळात गाभाऱ्यापाशी उभं राहिल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसा माझा आवाज खाली आला होता.

एक गोष्ट मात्र मला खुपायला लागली. काच घाण होती. एसीच्या डब्यांना असते तशी पिवळट काच, आणि त्यावर बाहेरून धुळीचे ओघळ वाळलेले. विहीणबाईंनी दोनदा पदराने आतून पुसून पाहिलं होतं, आणि डाग बाहेरचा आहे हे लक्षात आल्यावर त्या मान तिरपी करून, डागाच्या खालून बघत होत्या. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता तेव्हा मी मुद्रितं तशीच वाचायचे.

नगरला गाडी थांबली. ती तिथे काही मिनिटं थांबते. मी पाण्याची बाटली घेतली, पर्समधला मोठा रुमाल घेतला, कालचं वर्तमानपत्र घेतलं आणि कुणाला काही न सांगता खाली उतरले. आमची खिडकी नेमकी फलाटाच्या बाजूला आली होती, हे नशीबच. रुमाल भिजवून मी काच पुसायला सुरुवात केली. धूळ सुटता सुटेना. पाणी काळं होऊन माझ्या कोपरापर्यंत आलं. चहावाला थांबून बघायला लागला. एका हमालाने विचारलं, काही पडलं का बाई आत? मी म्हटलं, नाही, काच पुसतेय. त्याला ते पटलं नसावं, पण त्याने माझ्या हातातून बाटली घेतली आणि माझा हात पोचत नव्हता तिथे वरून पाणी ओतलं. शेवटी वर्तमानपत्राने कोरडी केली.

मग मला विहीणबाई दिसल्या. इतका वेळ त्या डागामागे होत्या, आता स्वच्छ समोर, हातभर अंतरावर. मी काय करतेय ते त्या बघत होत्या. हसत नव्हत्या. त्यांनी काचेवर आतून तळहात टेकवला, मी पुसलेल्या जागेवर, आणि तसाच ठेवला.

गाडीने शिटी दिली. हमाल म्हणाला, पळा. मी पळाले.

आत आल्यावर त्यांनी बर्थवर जागा करून मला जवळ बसवलं, खांद्याला खांदा लागेल इतकं. मी पुस्तक पिशवीत टाकलं. दुसरं तर काढलंच नव्हतं.

तेव्हापासून मी बघितलं. सुरुवातीला मला काही दिसलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. सपाट जमीन, गव्हाचे तुकडे, कांद्याच्या चाळी, विजेचे खांब. मग मी विहीणबाईंची नजर धरून जायला लागले. त्या जिथे थांबतील तिथे थांबायचं. मग एकेक गोष्ट सुटी व्हायला लागली. एका विहिरीच्या काठावर दोन बायका, एक दुसरीचे केस विंचरतेय. एका शेताच्या बांधावर एकटं हिरवं रंगवलेलं दार, मागे घर नाही. रेल्वे फाटकापाशी थांबलेली मेंढरं, आणि मेंढरांत अडकलेली नवऱ्या मुलाची फुलांनी सजवलेली मोटार. हे सगळं एकेका क्षणाचं. त्या शेतात, त्या फाटकात त्या माणसांची अख्खी दुपार चालली होती, आणि आम्हाला त्यातला डोळ्याच्या उघडझापीएवढा तुकडा मिळत होता. असे तुकडे एकामागून एक, संपतच नव्हते. आणि हे सारं रोज असंच चालू असतं, कुणी बघो न बघो. मी इतक्या मोठ्या गोष्टीच्या शेजारून इतक्या वेळा गेले होते.

गोदावरीच्या पुलावर गाडीचा आवाज पोकळ झाला. विहीणबाईंनी हात जोडले. मीही जोडले.

कोपरगाव मागे पडल्यावर सूर्य खाली यायला लागला. ऊन आता डोळ्यांना लागत नव्हतं. जमीन इतकी सपाट की त्याच्या वाटेत काहीच आडवं नव्हतं, ना डोंगर, ना इमारत. पुण्यात सूर्य कुठल्यातरी सोसायटीच्या मागे जातो. इथे तो जमिनीत जात होता. लाल, मोठा, कडा स्पष्ट. डब्यातली सगळी माणसं एका अंगाने तांबडी झाली होती, झोपलेल्या गृहस्थांच्या कपाळावरचा रुमालसुद्धा. विहीणबाई काचेला टेकून बघत होत्या. मी त्यांना मोकळं बघू द्यावं म्हणून जरा मागे सरकले, वाटेच्या बाजूला, आणि सहज पलीकडच्या खिडकीकडे माझी मान वळली.

त्या बाजूच्या बर्थवर कॉलेजातली दोन मुलं पाय लांब करून बसली होती, कानात यंत्रं घालून. त्यांच्या पावलांच्या वर, काचेत, चंद्र होता.

पौर्णिमा आहे हे मला ठाऊक होतं. घरातून निघताना कॅलेंडरवर पाहिलं होतं. पण ते ठाऊक असण्याचा आणि या दिसण्याचा काही संबंध नव्हता. तो नुकताच जमिनीतून वर आला होता, फिकट गुलाबी, अवाढव्य, उजेड नसलेला. त्याच्याही वाटेत काही आडवं नव्हतं. मी डावीकडे पाहिलं, सूर्य. उजवीकडे पाहिलं, चंद्र. दोघं एकाच उंचीवर, समोरासमोर, आणि त्यांच्या बरोबर मधून आमची गाडी चालली होती.

मी विहीणबाईंचा दंड धरला.

"इकडे या," मी म्हटलं. "या बाजूला बघा."

त्या उठल्या. वाटेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी चंद्र पाहिला. मग मान वळवून सूर्य पाहिला. मग पुन्हा चंद्र. एक हात मधल्या बर्थच्या साखळीला, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि गाडीच्या हेलकाव्याबरोबर दोघी थोड्या डोलत होतो. कॉलेजातल्या मुलांपैकी एकाने आमच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागे वळून खिडकीतून पाहिलं, आणि कानातलं काढलं. त्याने मित्राला ढोसलं. दोघांनी पाय आखडून घेतले. समोरची बाई मुलीला कडेवर घेऊन उठली. तिचा नवराही उठला. वाटेने येणारा चहावाला किटली घेऊन थांबला, त्याला पुढे जायला जागाच नव्हती, आणि जागा मागितलीही नाही. कुणी फोटोही काढला नाही, बहुधा दोन्ही एका फोटोत येणार नाहीत हे सगळ्यांना एकदमच कळलं असावं. नुसते उभे होतो. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने राखाडी.

विहीणबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या ते पुसत नव्हत्या. पुसायला गेलं तर तेवढा वेळ दिसणार नाही, असं काहीसं.

सूर्य बुडाला. मग कुणीतरी घसा खाकरला, चहावाल्याने आवाज दिला, लोक बसले. मुलीच्या बापाने आम्हा दोघींसाठी चहा घेतला आणि पैसे देऊ दिले नाहीत.

मनमाडपर्यंत अंधार झाला. मी दशम्या काढल्या, विहीणबाईंनी ठेच्याची डबी काढली. जेवताना त्या फक्त एकदा म्हणाल्या, "रोज होत असंल का हो हे?"

मी म्हटलं, "दर पौर्णिमेला होत असणार."

"अन् आपन कुठं असतो मंग?" त्यांनी विचारलं. मला विचारलं की स्वतःला, कोण जाणे.

अकोल्याला व्याही स्टेशनवर आले होते. सज्जन माणूस. प्रवास कसा झाला, असं त्यांनी विचारलं, आणि विहीणबाई म्हणाल्या, "चांगला झाला." बस्स, एवढंच. पिशव्या उचलल्या आणि चालू लागल्या. मला वाटलं होतं की घरी पोचताच त्या सांगायला सुरुवात करतील. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चुलीपाशी होत्या, मग गोठ्यात, मग मजुरांच्या भाकरी. दोन महिन्यांचं घर आवरत होत्या. मला हुरहूर लागली. इतकं सगळं पाहिलं ते ही बाई ठेवते कुठे?

ते दुपारी कळलं. पुण्याची विहीण बघायला शेजारच्या बायका जमल्या. कुणी तूर निवडायला घेऊन आलेली, कुणी वाती वळायला. आधी फोनवर बाळाचे फोटो झाले, कुणावर गेलीय यावर मतं झाली. मग एक म्हातारी म्हणाली, आलीस कशी गं इतक्या लांबून?

विहीणबाईंनी सूप खाली ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.

पुणं सुटल्यापासून. क्रमाने. मी भिंतीला टेकून ऐकत होते आणि मला आपलेच कान खरे वाटेनात. तेलाच्या टाक्या होत्या, त्यांवर चढलेला एक माणूस होता आणि तो हात हलवत होता. विटभट्टीवर पाळणा बांधलेला होता, पिवळ्या लुगड्याचा. नांगरटीच्या मधोमध पांढऱ्या कपड्यातला एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता, आसपास दुसरं कुणीच नाही. उभ्या मालगाडीचा ड्रायव्हर डबा खात होता, आणि त्याच्या डब्यात काय होतं तेही त्यांनी सांगितलं. ज्या प्रवासात मी त्यांच्या शेजारी बसले होते, तो मी तिथे, त्या ओसरीवर, पहिल्यांदा ऐकला. एकही गोष्ट सुटली नव्हती. बायकांचे हात हळूहळू थांबले. तूर सुपात पडून राहिली.

नगर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग ताई खाली उतरली, अन् तिनं काच पुसली." सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मला कुठे बघावं कळेना.

मग गोदावरी झाली, कोपरगाव झालं. विहीणबाई थांबल्या. त्यांनी दोन्ही हात बाजूंना पसरले, तळवे बाहेरच्या बाजूला, दोन भिंती आवरून धरल्यासारखे.

"हा इकडं," त्या म्हणाल्या. "तो तिकडं. अन् मधात आमी."

अंगणात कोंबडी चालल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने ती म्हातारी म्हणाली, "मंग?"

"मंग मनमाड आलं," विहीणबाई म्हणाल्या, सूप परत मांडीवर घेतलं आणि पुढचं सांगू लागल्या.